जिन्यातलं अपकृत्य

नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला शाळेत साधारण लग्नातल्या दुसऱ्या फोटोग्राफरएवढा मान असतो. आला तर कुणाची हरकत नसते, नाही आला तर कुणाच्या लक्षात येत नाही. कवायतीच्या सरांना जास्तीचा तास हवा असला की माझा घेतात, गणिताचा भाग मागे पडला की माझा घेतात, आणि वर्गात डोळे तपासणारे आले की तेही माझ्याच तासाला येतात. त्यामुळे यंदा नववीला 'दिवाणी कायदा आणि अपकृत्ये' असं नवीन प्रकरण लागलं आणि मुख्याध्यापिकाबाईंनी मला केबिनमध्ये बोलावून "हे जरा नीट शिकवा हं" असं सांगितलं, तेव्हा मी अंगावर मूठभर मांस चढवून बाहेर आलो.

नीट शिकवायचं म्हणून आधी एका वकील पालकांना भाषणाला बोलावलं. ते आनंदाने कबूल झाले आणि आदल्या दिवशी त्यांनी पुढची तारीख मागितली. ती दिली, तर आणखी पुढची मागितली. दिवाणी कायद्याची एवढी ओळख मुलांना पुरेशी आहे असं माझं मत होतं. बाईंचं नव्हतं.

शेवटी मीच उभा राहिलो. फळ्यावर 'दिवाणी' एवढाच शब्द लिहिला होता, तोच मागच्या बाकावरून विचारणा झाली, "सर, म्हणजे प्रेमात वेडी झालेली ना?" दुसऱ्याने सांगितलं की त्यांच्याकडेही दिवाण आहे आणि त्याच्या पोटात जादा गाद्या ठेवतात. हशा ओसरेपर्यंत मी खिडकीबाहेर बघत उभा राहिलो. मग एकेक शब्द तोलून सांगितलं, "अपकृत्य म्हणजे गुन्हा नव्हे. एकाच्या निष्काळजीपणाने दुसऱ्याचं नुकसान झालं, तर त्याला पोलीस पकडत नाहीत. त्याने ते नुकसान भरून द्यायचं. आपल्यामुळे दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून काळजी घेणं हे प्रत्येकाचं कर्तव्य आहे."

हे वाक्य मुलांना फारच आवडलं. आठवड्याच्या आत नववी ब मधलं कुणी साधं भांडेना. धक्का लागला की "कर्तव्यभंग!" आणि डब्यातलं सांडलं की "भरपाई!" चेंडू कानाला लागला म्हणून कवायतीच्या सरांना रीतसर नोटीस गेली. तेव्हापासून ते मला शिक्षकांच्या खोलीत 'न्यायमूर्ती' म्हणायला लागले आणि चहा पुढे सरकवीनासे झाले. रसायनाच्या बाईंनी तर बर्नर पेटवणंच सोडलं. "उद्या कुणाची भुवई भाजली तर तुम्ही येणार का माझ्या वतीने?" असं त्यांनी मला सर्वांदेखत विचारलं.

मुलांचं लक्ष भांडणावरून न्यायाकडे वळवावं म्हणून मी न्यायालयाच्या इमारतीची प्रतिकृती करायचं ठरवलं. काडेपेटीच्या काड्यांची, खांब, पायऱ्या, वर घुमट. साहित्यासाठी अर्ज केला, तर हेडक्लार्कने तो चष्म्याच्या वरून वाचला आणि म्हणाला, "काड्या शाळेत आणता येणार नाहीत, सर. ज्वालाग्राही आहेत."

"मी टोकाचा गूल कापून आणतो की."

"गूल कापल्यावर ती काडी राहत नाही. आणि अर्जात काडी लिहिलंय."

यावर दिवाणी कायद्यात काही उपाय नाही. इमारत घरी बांधायचं ठरलं.

घरी बांधकाम सुरू झालं, ते कंपाउंडरांच्या भरवशावर. हे आमच्या बरोब्बर वरच्या घरात राहतात. जन्मभर एका दवाखान्यात पुड्या बांधल्या, बाटल्यांवर मात्रेच्या पट्ट्या चिकटवल्या. निवृत्त झाल्यावर अख्ख्या इमारतीला इंजेक्शनं हेच देतात. कुणाच्या घरून बोलावणं आलं की त्यांची काळी पिशवी तुरुतुरु जिना उतरते, आणि तेवढ्यावर माणूस दिवसभर खूश असतो. माझा हात थरथरतो, त्यांचा दगडासारखा स्थिर. रोज संध्याकाळी मी डिंक लावायचा आणि त्यांनी चिमट्याने काडी ठेवायची. दोघांनी मिळून बायकोने आणून दिलेला चहा थंड करायचा आणि मग तो बेचव झालाय म्हणून कुरकुरायचं. इतक्या वर्षांच्या ओळखीत आम्ही जेवढं बोललो नसू, तेवढं त्या घुमटाच्या काळात बोललो.

घुमट पूर्ण झाला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी पाणी गेलं होतं. वरती नळ उघडा राहिला. कंपाउंडर इंजेक्शन द्यायला शेजारच्या इमारतीत, त्यांची नात शाळेत, आणि पाणी आलं तेव्हा वर कुणीच नाही, खाली आमच्याकडेही कुणी नाही. मोरी तुंबलेली. आमच्या छताला एक जुनी ओल होती, तिथून आधी थेंब, मग धार, आणि मग सगळा जोर थेट घुमटावर. मी शाळेतून आलो तेव्हा न्यायालयाचा लगदा झाला होता. एक खांब तेवढा उभा होता, त्याला बघून जास्तच वाईट वाटलं.

इतक्यात दार वाजलं. दारात कंपाउंडर, गुडघ्यापर्यंत भिजलेले, हातात फडकं. ते काही बोलणार, तेवढ्यात माझा तोल गेला. महिनाभर डोक्यात एकच प्रकरण घोळत होतं, त्यामुळे तोंडातूनही तेच बाहेर पडलं. "तुम्ही अपकृत्य केलंत!" मी ओरडलो. "माझ्या घरात अपकृत्य केलंत! आणि मी ते सिद्ध करीन!"

माझा आवाज मागच्या बाकापर्यंत जायच्या सरावाचा आहे. जिना तर मुळातच घुमणारा. खालपासून वरपर्यंत दारं उघडल्याचे आवाज आले. कंपाउंडरांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. मग ते फडकं घेऊन हळूहळू वर गेले. एक शब्द बोलले नाहीत. 'चुकलं' एवढंसुद्धा नाही.

ते न बोलणंच मला झोंबलं. प्रतिकृती काय, पुन्हा झाली असती. पण नळ ज्याने उघडा ठेवला त्याने खाली येऊन 'चुकलं' म्हणायला नको का? बायको म्हणाली, "अहो, आलेच होते ना ते खाली?" मी म्हटलं, "येणं वेगळं आणि म्हणणं वेगळं." तिने माझ्यापुढे पोळ्यांचा डबा ठेवला आणि विषय मिटला असं समजून ती झोपायला गेली. माझ्यापुरता विषय मिटला नव्हता.

इमारत मात्र माझ्या बाजूने उभी राहिली. मला अपेक्षा नव्हती एवढी. समोरच्या वहिनी दुसऱ्या दिवशी दारात गाठून हळू आवाजात म्हणाल्या, "आम्हाला कधी वाटलं नव्हतं हो त्यांच्याबद्दल. आणि या वयात!"

"वयाचा काय संबंध?" मी म्हटलं. "या गोष्टीला कुठलंही वय चालतं. एक क्षण भान सुटलं की झालं."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. सोसायटीचे सेक्रेटरी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पोलिसांत जायचं असलं तर मी बरोबर येतो."

"छे, पोलिसांचा प्रश्नच नाही. हे आपसात मिटण्यासारखं आहे. त्यांनी फक्त कबूल करावं."

"मोठं मन आहे तुमचं," सेक्रेटरी म्हणाले, आणि त्यांनी डोळे पुसल्यासारखं केलं. काड्यांच्या इमारतीबद्दल लोकांना इतकी आस्था असेल असं मला खरंच वाटलं नव्हतं. मी भारावून गेलो.

कंपाउंडरांची पिशवी जिन्यात दिसेनाशी झाली. शरमले असतील, मी मनात म्हटलं. शरमू देत. तरी संध्याकाळी टेबलापाशी बसलो की वर त्यांची खुर्ची सरकल्याचा आवाज ऐकू यायचा आणि माझं कशातच लक्ष लागायचं नाही.

इकडे शाळेत नोटिसांचा सुळसुळाट झाला होता. बाईंनी पुन्हा बोलावलं. "तुम्ही कायदा शिकवताय की भांडणं?" त्यांनी विचारलं. "शनिवारी पालकांसमोर मुलांचं अभिरूप न्यायालय भरवा. एक दावा, दोन बाजू, एक निकाल. नीट झालं तर ठीक. नाही तर हे प्रकरण मुलांनी घरी वाचून आणायचं."

दावा मी स्वतः लिहिला. ब यांच्या घरात एक नाजूक वस्तू होती. त्यांच्या वर राहणाऱ्या अ यांनी नळ उघडा ठेवला. वस्तू नष्ट झाली. खरं सांगायचं तर मला निकाल ऐकायचा होता. अ चुकले, असं कुणीतरी निःपक्षपातीपणे म्हणावं, निदान नववी ब ने तरी. कुणी ओळखेल अशी भीती नव्हती, कारण अ आणि ब या अक्षरांवर माझा पहिल्यापासून फार विश्वास आहे.

वकील नेमताना ब च्या बाजूला वर्गातला सर्वांत उंच मुलगा आला, ज्याला सगळे जिराफ म्हणतात. हा समोरच्या वहिनींचा मुलगा. अ च्या बाजूने एकच हात वर झाला. ती कंपाउंडरांची नात. दर तासाला "सर, एक मुद्दा आहे" म्हणून उभी राहते, म्हणून वर्गात तिचं नाव मुद्दा. मी क्षणभर चाचरलो. पण नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगितलं की अक्षरांचं काम संपलं. मी मान डोलावली.

शनिवारी सभागृह भरलं. काळे कोट मिळाले नव्हते म्हणून वकिलांनी काळे रेनकोट घातले होते, त्यामुळे युक्तिवादापेक्षा त्यांचंच सळसळणं जास्त ऐकू येत होतं. न्यायाधीश वर्गाचा मॉनिटर. त्याच्या हातात हातोड्याऐवजी प्रयोगशाळेतला बत्ता. रसायनाच्या बाईंनी तो फुटला तर कोण जबाबदार, हे आधी लिहून घेतलं होतं. पहिल्या रांगेत मुख्याध्यापिकाबाई, तिसऱ्या रांगेत माझी बायको आणि तिच्या शेजारी समोरच्या वहिनी.

जिराफ छान बोलला. नळ, मोरी, घुमट. कर्तव्य, कर्तव्यभंग, नुकसान. मी पडद्याआडून मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. मग मुद्दा उठली.

"ब यांच्या पत्नीला साक्षीला बोलवावं," ती म्हणाली आणि तिने सरळ तिसऱ्या रांगेकडे बोट दाखवलं. माझी बायको हसतमुखाने उठून आलीसुद्धा. अक्षरांचं काम संपलं.

"छताला ओल कधीपासून होती?"

"बरेच महिने झाले. हे रोज वर बघायचे."

"आणि वस्तू कुठे होती?"

"बरोब्बर ओलीच्या खाली. टेबल सरकवा म्हणून मी सांगितलं, वरच्या कंपाउंडरांनी सांगितलं. यांचं आपलं एकच, उजेड तिथे चांगला येतो."

"मग ब यांनी काळजी घेतली नाही?"

"काळजी करायचे ना," बायको म्हणाली. "पुष्कळ काळजी करायचे. रात्री उठून ओलीकडे बघायचे. काळजी करण्यात यांचा हात कुणी धरणार नाही. घ्यायची मात्र राहिली."

सभागृह इतकं हसलं की न्यायाधीशाने बत्ता वाजवला. कवायतीचे सर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. मी पडद्याची एक घडी नीट करत उभा राहिलो. माणसाला अशा वेळी काहीतरी काम हवं असतं. झालं एवढं पुरे, आता निकाल द्यावा, असं मी न्यायाधीशाला खुणेने सांगत होतो, तेवढ्यात मुद्दा म्हणाली, "सर, एक मुद्दा आहे. म्हणजे, महोदय. दुसरा साक्षीदार."

समोरच्या वहिनी आल्या. मुलाकडे बघून आधी केस सारखे केले.

"त्या दिवशी जिन्यात तुम्ही काय ऐकलंत?"

"सर ओरडत होते. कंपाउंडरकाकांनी त्यांच्या घरात अपकृत्य केलं म्हणून."

"अपकृत्य म्हणजे काय?"

वहिनींनी मान खाली घातली. "असं चारचौघांत कसं सांगू गं? आणि मुलांसमोर?"

कुणी हसलं नाही. नववी ब तर अजिबात नाही, कारण त्या शब्दाचा अर्थ सभागृहात फक्त त्यांनाच माहीत होता. मला वहिनींचा तोंडाला लावलेला पदर आठवला. सेक्रेटरींचे पोलीस आठवले. वय आठवलं. म्हणजे इतके दिवस घुमटाबद्दल कुणी बोलतच नव्हतं.

"तुमच्याकडे आजींना इंजेक्शन द्यायला पूर्वी कोण यायचं?"

"कंपाउंडरकाका."

"आता?"

"आता रिक्षाने दवाखान्यात नेतो. सासूबाईंचे गुडघे दुखतात, दोघांनी धरून जिना उतरवावा लागतो. पण असं कळल्यावर घरात कसं बोलवायचं माणसाला?"

मुद्दा न्यायाधीशाकडे वळली. तिचा रेनकोट सळसळला. "सरांनीच शिकवलंय की अब्रूनुकसानी हेसुद्धा अपकृत्यच आहे. खोटं बोललं तरच होते असं नाही, ऐकणाऱ्याचा गैरसमज होईल असं बोललं तरी होते. माझे आजोबा आता जिना उतरत नाहीत. कुणी बोलवतच नाही त्यांना. पिशवी भरून तयार ठेवतात आणि दाराजवळ बसून राहतात. नळाचं चुकलंच त्यांचं. तेच सांगायला गेले होते ते. पण सर..." आणि एवढी धीट मुलगी, तिने रेनकोटच्या बाहीने डोळे पुसले.

मला अतिशय लाज वाटली. ती मुलांपुढे वाटली, बायकोपुढे वाटली, आणि सर्वांत जास्त त्या दाराजवळच्या भरलेल्या पिशवीपुढे वाटली. जो शब्द मी महिनाभर फळ्यावर लिहीत होतो, तो फळ्याबाहेर काय ऐकू येतो हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

न्यायाधीशाने माझ्याकडे बघितलं. निकाल काय द्यायचा हे मी त्याला आदल्या दिवशी कागदावर लिहून दिलं होतं. मी मानेने नको म्हटलं. त्याने कागद खिशात घातला, बराच वेळ डोकं खाजवलं आणि म्हणाला, "पाण्याची चूक दोघांची निम्मी निम्मी. त्यामुळे कुणीच कुणाला काही द्यायचं नाही. अब्रूची चूक सगळी ब यांची. जिथे गेली तिथेच ती परत द्यायची. जिन्यात. तेवढ्याच मोठ्या आवाजात." आणि बत्ता आपटला. तो फुटला नाही.

बाई निघताना म्हणाल्या, "हे प्रकरण पुढच्या वर्षीही तुम्हीच घ्या." हे बक्षीस होतं की शिक्षा, ते मी विचारलं नाही.

त्याच संध्याकाळी मी तळमजल्यावर उभा राहिलो आणि मागच्या बाकासाठीचा आवाज काढला. "कंपाउंडरसाहेबांनी अपकृत्य केलेलं नाही!" दारं उघडली. खरं तर एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण शिक्षकाला अर्धवट व्याख्या सांगवत नाही. "म्हणजे केलंय," मी म्हटलं, "पण ते तुम्हाला वाटतं तसं नाही!"

"म्हणजे आणखी वेगळं?" सेक्रेटरी घाबरून म्हणाले.

मग मी कर्तव्यापासून सुरुवात केली. प्रत्येक मजल्यावर थोडं थोडं शिकवत वर चढत गेलो. लोक मागून येत गेले. कुणी विचारलं, भिंत सामाईक असली तर काय. कुणी विचारलं, कुत्रा चावला तर कोणाचं. नववी ब ने कधी दिलं नसेल एवढं लक्ष त्या जिन्याने दिलं. आमच्या मजल्यावर पोचेपर्यंत माझा घसा बसला होता.

समोरच्या वहिनी दारात हाताची घडी घालून सगळं ऐकत होत्या. "थांबा जरा," त्या म्हणाल्या. "म्हणजे एवढंच ना, की त्यांचा नळ उघडा राहिला?"

"हो."

"मग हे तेव्हाच मराठीत नाही का सांगायचं?" आणि आतल्या बाजूला वळून त्यांनी हाक मारली, "सासूबाई, उद्यापासून रिक्षा नको. काका येतील."

वरच्या कठड्याशी कंपाउंडर उभे होते, शेजारी नात. माझ्यामागे अख्खी इमारत. मला वाटलं होतं ते पाठ फिरवतील. पण ते तिथेच उभे होते, एका हाताने कठडा घट्ट धरून, आणि दुसऱ्या हातात ती काळी पिशवी होती. उरलेल्या पायऱ्या मी चढलो. सगळ्या कलमांची तयारी होती, पण आता ती नको होती.

"चुकलं," असं आम्ही दोघंही एकदम म्हणालो. आधी कोण म्हणालं, यावर आमचा वाद अजून चालू आहे. तो रोज संध्याकाळी चहाबरोबर चालतो, आणि लवकर मिटावा अशी दोघांचीही इच्छा दिसत नाही.